मशीन मुकं निघालं

११ जानेवारी

— मला मासं घावनात म्हणून मासं हुडकायचं मशीन घेत न्हाई मी! कुणी इचारलं न्हाई, तरी लिवून ठेवतो. माझ्या गळाला आजूनबी लागत्यात. मशीन शमशेरसाठी. मिरजेत डोळ्याचं आपरेशन झालं, पर नजर काय आली न्हाई. तवापास्नं गडी घरातच. "गळाचं बूच बुडालेलं दिसंना, मग नदीवर येऊन काय करू? तुझं तोंड बघू? ते बी दिसंना!" म्हणतो आन् हसतो. मला न्हाई हसू येत. मिल्ट्रीतनं सुटून आलो तवापास्नं कृष्णेच्या डोहावर आमी दोघं बसतोय. एकट्यानं गळ टाकवत न्हाई.

१२ जानेवारी

सून संयोगिता मोबाईलवर मशीनी दावत बसली. पाण्यात सोडायचा डबा, लिंबाएवढा. "आवं मामा, ह्येला रंगीत पडदा हाय. ह्येला नकाशा हाय. ह्यो खोली सांगतो." खोली फुटात! आमी परसात मोजतो, परस म्हंजे एक उभा गडी — डोहात चार परस पाणी, ते मला न्हाई ठावं व्हय? आन् आंधळ्याला पडदा कशाला? मासा खाली आला की वाजलं पायजे. वाजलं की गळ सोडायचा. बास! ह्यापरीस जास्त शाणपणा नको.

१३ जानेवारी

झोप न्हाई. शमशेरची बायको नूरजहां म्हणाली, "भाऊजी, आता जेवायबी उठत न्हाईत." मशीन लवकर बघाय पायजे.

१५ जानेवारी

सांगलीला गेलतो. दुकानदारानं बटन दाबून आवाज दावला. कुठला आवाज? मुकं! दुसरं काढलं — ते बी मुकं. तिसरं, तसंच. "काका, वाजतंय की!" तोंडावर खोटं! माल खपवायला काय बी बोलत्यात. चारचौघांत झाडला त्याला. गिऱ्हाईकं बघत हुती. बघू द्यात.

१६ जानेवारी

शमशेरला सांगितलं. लय दिवसांनी गडी ताठ बसला. "तीन्ही मुकी? मला घिऊन चल. डोळं गेल्यात, जीभ न्हाई गेली." आपणहून चपला मागितल्या! "उद्या सकाळची यष्टी," एवढंच म्हणालो.

१७ जानेवारी

दुकानात दोघं. दुकानदारानं बटन दाबलं. मी शमशेरच्या तोंडाकडं बघत हुतो — आता शिवी घालंल. तर गडी म्हणतो, "वाजलं की रं!" दुसरं दाबलं. "हे बी. चिमणीवाणी." तिसरं — नुसती मान हलवली. माझा हात चाचपून धरला आन् दुकानदाराला म्हणाला, "राग मानू नगा मालक. तोफखान्यातनं आणलेलं कान हायत ह्येचं. हे पयलं बांधा. मी ऐकतो, ह्यो गळ टाकील."

रविवारी डोहावर जायचं ठरलंय. कानाचं मी काय लिवणार न्हाई.