शेजारच्या वर्गातली सहा मुलं

ता. ४ मार्च

चि. बंड्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की गुणवत्तेप्रमाणे पगार देण्याच्या नव्या पद्धतीत माझा वर्ग शाळेत पहिला आला. ते चुकीचं आहे. पहिला आला तो माझा वर्ग नव्हता. सहा मुलं काढून टाकल्यावर जे उरलं, ते होतं. बाबांनी तर सगळ्या आळीला सांगून झालं असेल, म्हणून हे पत्र आधी तू एकटा वाच.

परीक्षेच्या आधी मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारलं की वर्गात मागे कोण कोण आहे. मला वाटलं, जादा तास लावणार. माझा स्वभाव तुला माहीत आहे. कुणी वेळ विचारली तरी घड्याळ किती पुढे आहे तेही सांगते. कुणाची वाचताना ओळ सुटते, कुणाला हातचा कळत नाही, सगळं मनापासून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच सहा जणांना आपापली खुर्ची उचलून शेजारच्या वर्गात जायला सांगितलं. सगळ्यांत लहानगीला खुर्ची पेलेना. ती फरशीवरून ओढत नेत होती आणि दोन्ही वर्ग हसत होते. माझ्या मुलांना वाटलं, मीच त्यांना घालवलं. एकाने विचारलंसुद्धा की आता पुढचा नंबर कुणाचा.

शेजारचा वर्ग बाईंचा. आपल्याकडून बदली होऊन आलेल्या त्याच बाई, ज्यांनी बाबांच्या मागे लागून मला वीटभट्टीवरून उठवलं आणि शाळेत बसवलं. त्यांचा वर्ग शेवटचा आला. शेवटच्याचा वर्ग काढून घेतात आणि सेवापुस्तकात अकार्यक्षम असा शेरा मारतात. बाई यंदाच निवृत्त होणार आहेत. मुख्याध्यापकांचं त्यांच्याशी जुनं वाकडं आहे; माझ्या सत्काराला त्यांनी मुद्दाम बाईंनाच फुलं द्यायला लावली. देताना त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या की माझीच विद्यार्थिनी ही, वजाबाकी पहिल्यापासून पक्की.

निकाल तपासायला पडताळणी समिती येणार आहे, तिला खरं सांगते म्हटलं, तर मुख्याध्यापक हसले. म्हणाले की नावं तुम्हीच दिलीत, आणि तुमची नोकरी अजून कायम झालेली नाही.

मी काय करू ते लिही. जेवतोस ना वेळेवर? माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी ताई

ता. १० मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र एकट्यानेच वाचत होतो, पण बाबांनी माझं तोंड पाहिलं आणि मोठ्याने वाचायला लावलं. मला खोटं वाचता येत नाही, हा तुझ्याच शिकवणीचा दोष.

ताई, बाबा रविवारी तिकडे येऊन गेले. तुझ्याकडे नाही, बाईंकडे. इस्त्रीचा सदरा घालून गेले होते. बाईंनी बोलावलं तरी आत गेले नाहीत, उंबऱ्यापाशीच बसले. म्हणाले की बाई, तुमचं सगळं उरकलं, पोरीचं अजून व्हायचंय; ती मुलं वर्षाच्या सुरुवातीपासून तुमच्याच वर्गात होती असं लिहून द्या. बाईंनी तिथल्या तिथे लिहून सही केली. बाबांनी तो कागद मुख्याध्यापकांच्या घरी पोचवला आणि तसेच परतले. ताईला का भेटला नाहीत विचारलं, तर म्हणाले की तिच्याकडे बघायला सवड नव्हती.

त्यांचा निरोप असा की आता गप्प बस. बोललीस तर या घरी यायचं नाही. वीटभट्टी अजून चालू आहे, असंही म्हणाले. हे वाक्य मी गाळणार होतो, पण ते समोर बसून लिहून घेतायत. माझं विचारशील तर, मला तुझी नोकरी हवी आहे आणि बाईंचा शेराही नको आहे. दोन्ही कसं जमायचं ते तूच सांग, तू शिकलेली.

रागावून पत्र बंद करू नकोस.

तुझा बंड्या

ता. १४ मार्च

चि. बंड्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

बाईंकडे गेले होते. त्यांनी दार अर्धंच उघडलं. तो कागद परत मागा म्हटलं, तर म्हणाल्या की तुला शाळेत घाला म्हणून मी तुमच्या दारात उन्हात उभी राहायचे आणि तुझे बाबा पाणीसुद्धा विचारायचे नाहीत. ते माझ्या उंबऱ्यावर बसलेले मला एकदा पाहायचे होते, ते पाहिले, त्याची किंमत म्हणून सही दिली. मी रडायला लागले, तर रडायचं असेल तर घरी जाऊन रड म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं की लहानगीची आता ओळ सुटत नाही. वाचता आलं की ताई परत घेतील का, असं ती रोज विचारते, आणि त्या तिला नाही म्हणून सांगतात.

म्हणजे बाईंना शेऱ्यातून सोडवायचं तर बाईंनी खोटं लिहून दिलं, हे मलाच समितीपुढे सिद्ध करावं लागेल. त्या समोर बसलेल्या असतील. मुलांच्या घरी जाऊन आले. बहुतेकांनी दार लावून घेतलं. एक म्हणाला की मुलाला मठ्ठ म्हणून एकदा मिरवलंत तेवढं पुरे. लहानगीची आई तेवढी समितीपुढे यायला तयार आहे. नोकरी राहील असं मला वाटत नाही. बाबांना हे जसंच्या तसं वाचून दाखव, काही गाळू नकोस.

त्या घरात माझ्या वाटची माया तूच सांभाळ.

तुझी ताई

ता. क. समिती बुधवारी, १८ मार्चला बसते आहे. मी बुधवारीच बोलणार.