पाळणाघर होतंय

३ जून
मालकांनी बोलावलं. बाळंतपणानंतर बायका कामावर टिकत नाहीत, काहीतरी करा म्हणाले. मी तिथल्या तिथे सांगितलं, पाळणाघर! स्टोअरशेजारची खोली, आठवड्यात तयार. मालक खूश. माझ्यासारखा माणुसकीचा मॅनेजर शोधून सापडायचा नाही, असं घरी सांगितलं. बायको म्हणाली, सापडलाच आहे तर भांडी घास.

५ जून
पॅकिंगमधली ताई तान्ह्या मुलाला शेजारणीकडे ठेवून येते. तिला म्हटलं, पाळणाघर होतंय, चिंता सोडा. तिचे डोळे भरून आले. फार बरं वाटलं. खोलीतले जुने खोके उद्या हलवतो.

१२ जून
खोके तिथेच. पण रंगाचा विचार जोरात चालू आहे. पिवळा की हिरवा? मुलांच्या बाबतीत घाई नको.

१९ जून
शेजारणीला ताप, तासभर लवकर सोडा, असं ताई म्हणाली. मी म्हटलं, नवी पॉलिसी आली की सवलत आहेच, तोवर जुना नियम. नियम काही माझा नाही. म्हणजे मीच केलाय, पण तेव्हा मी नवीन होतो. ती परत पॅकिंगला गेली. डबा संपला नाही. अ‍ॅसिडिटी असणार.

२० जून
ताई आली नाही. उद्या येईल.

२४ जून
ताईने काम सोडलं. सुपरवायझर म्हणाला, १९ तारखेच्या त्या संध्याकाळी शेजारणीचा डोळा लागला आणि बाळ पलंगावरून पडलं. कपाळाला टाके. आता बरं आहे. बरं आहे ना, असं मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं. मग स्वतः सगळे खोके उचलले. कंबर धरली.
संध्याकाळी ताईला फोन. खोली होतेय, परत या म्हटलं. ती म्हणाली, साहेब, तुमचं मन चांगलं आहे हो, पण मला त्या दिवशी घरी जायचं होतं.
मन चांगलं आहे, एवढंच लक्षात ठेवायचं ठरवलं. जमत नाहीये.

८ जुलै
उद्घाटन. मालकांनी फीत कापली. माझं कौतुक. रंग पिवळा. मूल एकही नाही. सुरुवातीला असंच असतं.

११ जुलै
लेकीच्या शाळेला सुट्टी, बायकोच्या ऑफिसात ऑडिट. लेकीला पाळणाघरात आणलं. थोडी खेळली, मग म्हणाली, बाबा, बाकीची मुलं कुठायत? येतील म्हटलं. कधी, म्हणाली. मी तिच्याजवळ खाली बसून राहिलो.
सुटण्याची वेळ झाली. पॅकिंगच्या बायका दारावरून गेल्या. लेकीला सगळ्यांनी टाटा केला. मला कोणीच नाही.