निळ्या कोटाशी इमान

१ जानेवारी १९८७, गुरुवार. सकाळी ६.१०

नवं वर्ष, नवी वही. कंपनीने दिलेल्या तीन डायऱ्यांपैकी ही सगळ्यात जाड.

टीव्हीवर कबड्डीचं मराठी समालोचन करायला लागून यंदा दहावं वर्ष. मरोळच्या औषध कंपनीत मी स्टोअरकीपर आहे, पण ते पोटासाठी. ओळख म्हणाल तर टीव्ही. टीव्ही केंद्राचा तो निळा कोट, खिशावर बोधचिन्हवाला, गेल्या वर्षी इस्त्रीला म्हणून घरी आणला तो इथेच आहे. केंद्राने मागितला नाही. याचा अर्थ समजणाऱ्याला समजतो.

संकल्प: रोज मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. एका सामन्यात 'अप्रतिम' पाचपेक्षा जास्त वेळा म्हणायचं नाही (मागच्या सीझनला कोणा रिकामटेकड्याने एकेचाळीस मोजले होते). केंद्राशिवाय कुणाच्याही माईकला तोंड लावायचं नाही. आणि डायरी रोज.

१९ जानेवारी, सोमवार

मधले दिवस कामाच्या गडबडीत राहिले. गुळण्या चालू आहेत. म्हणजे परवापासून करणार आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार. रात्री

अंधेरीच्या मैदानावर सेमी फायनल. खारदांडा विरुद्ध मुलुंड. आज फक्त रेकॉर्डिंग, उद्या फायनल लाइव्ह.

खारदांड्याचा कॅप्टन चंदर कोळी. गेल्या चार वर्षांतला आपल्या उपनगरातला सगळ्यात तेज चढाईपटू. पण आज सेकंड हाफमध्ये मुलुंडवाल्यांनी त्याची पार वाट लावली. पाच वेळा पकड. एकदा तर चौघं त्याच्या अंगावर बसले आणि उठायलाच तयार नाहीत. कसाबसा एका गुणाने संघ वाचला.

चंदरची आई पुतळाबाई अंधेरीच्या बाजारात मासे विकते. आमची सुरमई तिच्याकडचीच. टीव्हीवर येतो म्हणून मला मधला तुकडा ठेवते.

८ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ७.४५

आजच्यासारखं बोललो नव्हतो कधी.

खारदांडा विरुद्ध बोरिवली. सेकंड हाफमध्ये माझ्यासमोरचा मॉनिटर अचानक काळा झाला. दुसरा कोणी असता तर गडबडला असता. केंद्राच्या व्हॅनमधून कोणीतरी खूण केली, बोलत राहा. मी मॉनिटरकडे पाठ केली आणि सरळ मैदानाकडे बघून बोललो. आणि चंदर काय खेळला! एका चढाईत तीन गडी. मी ओरडलो, 'वाघासारखा गेला, वाघासारखा परतला! अप्रतिम!' खारदांडा चॅम्पियन.

घरी आलो. जेवताना बायकोने, वनमालाने, एवढंच विचारलं की तुम्ही आज दुपारी काही घेतलं होतं का. म्हटलं, ताक. ती हूं म्हणाली.

९ फेब्रुवारी, सोमवार

खुलासा झाला. मैदानावरची चित्राची लाइन तुटली होती. स्टुडिओत कोणीतरी वेळ मारून न्यायला शनिवारच्या सेमी फायनलची टेप लावली. आवाजाची लाइन मात्र शाबूत. म्हणजे चौदा मिनिटं महाराष्ट्राने शनिवारची मॅच पाहिली आणि माझ्या तोंडून रविवारची ऐकली. चंदर चार जणांच्या खाली पालथा आणि वर मी, वाघासारखा परतला.

केंद्र उद्यापरवा खुलासा करेलच. एवढी मोठी संस्था आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पेपरात तीन पत्रं. पहिलं, निवेदक झोपेत होते काय. दुसरं, निवेदकांची दृष्टी तपासा. तिसरं घाटकोपरच्या कोणा अंबादासचं, सगळ्यात लांब. चौदा मिनिटांतले माझे सगळे 'अप्रतिम' मोजलेत (सतरा). मागच्या सीझनचा रिकामटेकडा हाच असणार. शेवटी म्हणतो, अशा माणसाला केंद्र पोसतं तरी कशाला.

कंपनीत सकाळपासून मी गोडाऊनमधून बाहेर आलो की कोणीतरी म्हणतं, वाघासारखा परतला. मी हसून साजरं केलं. एक वाक्य बोललो तर सगळ्यांची तोंडं बंद होतील. पण ते वाक्य केंद्राने बोलायचं. मी घरचा माणूस आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

बाजारात गेलो. पुतळाबाईने मला बघितलं आणि सुरमईवर ओलं फडकं टाकलं. म्हणाली, संपली. डोळ्यांसमोर दिसत होती शेपटी.

मग ऐकवलं. माझ्या पोराच्या छाताडावर चार जण बसलेले आणि तू वर टाळ्या पिटत होतास, मी टीव्हीसमोर रडत होते, तुला मजा वाटत होती. सगळा बाजार ऐकत होता. मी म्हटलं, पुतळाबाई, त्यामागे एक तांत्रिक बाब आहे, ती मला सांगता येत नाही. ती म्हणाली, मग मला मासळी देता येत नाही.

अंडी घेऊन आलो. प्रोटीन तेच.

१६ फेब्रुवारी, सोमवार

शेवटी बोलावणं आलं. अर्धा दिवस टाकून केंद्रावर गेलो. क्रीडा विभागाच्या निर्मात्या वसुधा मॅडम. एरवी उभ्याउभ्या बोलतात, आज खुर्ची दिली. चहा कपबशीत. दहा वर्षांत मला काचेच्या ग्लासातच मिळायचा.

म्हणाल्या, सहदेव, टेप लावणारा मुलगा नवीन आहे, वरून चौकशी आली तर तो जाईल, मी जाईन, विभागाचं नाव जाईल. तुमचं काय, तुम्ही लोकांचे लाडके, लोक विसरतात. एक छोटंसं पत्र द्या, की निवेदकाच्या अनवधानाने चित्र आणि निवेदन यांत विसंगती निर्माण झाली. पत्र टाइप करून तयारच होतं. किती विचार करतात माझा.

सही केली. मॅडमनी हात हातात घेतला. म्हणाल्या, हे आम्ही लक्षात ठेवू.

राष्ट्रीय स्पर्धा एप्रिलमध्ये आहेत. कपबशीचा अर्थ मी तोच घेतो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. रात्री ९.३०

प्रेक्षकांच्या पत्रांच्या कार्यक्रमात माझं पत्र वाचून दाखवलं. पूर्ण नावासकट. सहदेव धुरी यांनी आपली चूक मान्य केली आहे. मला वाटलं होतं पत्र फायलीत राहील. पण वाचणारीचा उच्चार स्वच्छ होता. वनमाला उठून आत गेली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच होती.

२२ फेब्रुवारी, रविवार

दुपारी दार वाजलं. चंदर. हातात पिशवी, पिशवीत सुरमई. आईने पाठवली नाही, मी आणली, म्हणाला.

त्याने सगळं शोधून काढलंय. शनिवारी खारदांड्याने लाल गंज्या घातल्या होत्या, रविवारी पिवळ्या. टीव्हीवर त्या चौदा मिनिटांत लाल दिसत होत्या. म्हणजे टेप शनिवारची, धुरीसाहेब बरोबर. तो हे पेपरात लिहिणार. शिवाय म्हणाला, एप्रिलपासून त्यांचं मंडळ आपल्या स्पर्धांचं व्हिडिओ शूटिंग करून खार-सांताक्रूझच्या केबलवर दाखवणार आहे, आवाज तुमचा हवा. तुमच्यासारखं कोण बोलतं यार, म्हणाला. यार म्हणाला, पण पायाला हात लावून गेला.

मी दोन्हीला नाही म्हटलं. पेपरात लिहू नको, आणि केबलला मी येऊ शकत नाही, मी केंद्राशी बांधलेला आहे. वनमालाने कपाटातून माझा करार काढून टेबलावर ठेवला. त्यावर लिहिलंय, 'फक्त दि. ७ व ८ फेब्रुवारी'. म्हणाली, पंधरवडा झाला तुम्ही कुणाशीच बांधलेले नाही. तिला सरकारी भाषेतला गर्भितार्थ कळत नाही.

सुरमई झकास होती. तिघांपुरती होती, चंदर थांबला नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

ऐकलं नाही पोराने. पेपरात त्याचं पत्र, चौकटीत. 'चूक निवेदकाची नव्हती.' गंज्यांचे रंग वगैरे सगळं. खाली संपादकांची टीप, केंद्राने खुलासा करावा.

कंपनीत दोघांनी येऊन हात मिळवला. कँटीनवाल्याने भजी पाठवली. दुपारपर्यंत छान वाटत होतं, खरं सांगायचं तर फार छान. चार वाजता वसुधा मॅडमचा कंपनीत फोन. आवाज गोड, कपबशीतला. म्हणाल्या, तुमचं पत्र आमच्या रेकॉर्डवर आहे, आता हे असं छापून आलं तर लोक म्हणतील एक तर तुम्ही तेव्हा खोटं बोललात नाही तर आम्ही. तुम्हीच काय ते बघा.

मीच बघायला हवं. दुसरं कोण बघणार?

रात्री बसून संपादकांना पत्र लिहिलं. श्री. चंदर कोळी यांच्या भावनांचा आदर आहे, परंतु चूक माझीच होती. गंज्यांच्या रंगाबाबत म्हणायचं तर रंगीत संच नीट जुळवलेला नसल्यास पिवळा रंग लाल दिसू शकतो. हे शेवटचं वाक्य माझं स्वतःचं. लिहिल्यावर दहा मिनिटं स्वतःवर खूष होतो. मग चंदर पायाशी वाकला होता ते आठवलं आणि झोप गेली.

२ मार्च, सोमवार

छापलं. पहिला फटका शेजाऱ्यांकडून. मजल्यावरच्या तिघांकडे रंगीत टीव्ही आहेत, तिघांनाही वाटतंय मी त्यांच्या सेटबद्दल बोललो. अंबादासचं उत्तरही लगेच: 'माझा संच कृष्णधवल आहे. मलाही चंदर चौघांखालीच दिसला.'

चंदरकडून काही नाही. पत्र नाही, शिवी नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

१६ मार्च, सोमवार

होळी झाली. होळीच्या आगीभोवती बोंबा मारायच्याच असतात, माणसं नावं घेतात, मनावर घ्यायचं नसतं. पण यंदा आमच्या कॉलनीत एकच नाव. पोरंठोरं, बँकवाले, सोसायटीचे चेअरमन, सगळे तोंडावर हात आपटून: वाघासारखा गेला रे गेला, वाघासारखा परतला! मी गॅलरीतून हात हलवला. लोकप्रियतेचा एक प्रकारच हा. वनमालाने मला आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

तिने पहिल्यांदा सरळ विचारलं. केंद्राने तुम्हाला काय दिलंय हो? मी कोट दाखवला. तिने कॉलर उलटून पाहिली. म्हणाली, कॉलरला कसर लागलीय.

२४ मार्च, मंगळवार. संध्याकाळी

आलं! केंद्राचं पाकीट, रजिस्टर्ड. पाकिटावरच लिहिलंय, एक एप्रिलच्या आत सही करून पोच द्यायची. राष्ट्रीय स्पर्धांचा करार, दुसरं काय असणार. आधी आंघोळ केली. देवाजवळ ठेवलं. कोट घातला. वनमालाला म्हटलं, बघ, लक्षात ठेवतात ते.

मग फोडलं.

आपल्याकडे असलेला कार्यालयीन कोट (निळा, नग एक) नवीन समालोचकांसाठी आवश्यक असल्याने त्वरित जमा करावा.

कोट अंगावर असतानाच वाचलं.

३० मार्च, सोमवार

कोट जमा केला. ड्रायक्लीन करून, कॉलर रफू करून. नवीन समालोचक तिथेच बसले होते, माप बघायला. बारीक, चष्मेवाले, घाटकोपरचे. श्री. अंबादास. प्रेक्षकांच्या बाजूचा माणूस हवा असं वरून ठरलं म्हणे. चांगला आहे तसा. माझ्याकडे बघून उठून उभा राहिला. कोट त्याला हातांत आखूड होतो. मी त्याला सांगितलं की मॉनिटरवर फार विसंबू नका. त्याने वहीत लिहून घेतलं.

वसुधा मॅडम मीटिंगमध्ये होत्या. चहा आला, ग्लासात.

ठरवलं, आता केबल. केंद्राला मी मोकळं केलं आहे. चंदरला मोठ्या मनाने हो म्हणायचं.

५ एप्रिल, रविवार. रात्री ८.००

राष्ट्रीय स्पर्धेची फायनल, महाराष्ट्राकडून चंदर. पुतळाबाईने वनमालाला खारदांड्याला टीव्ही बघायला बोलावलं होतं. एकटीला. मी बरोबर गेलो.

घर माणसांनी गच्च. पुतळाबाईने मला बघितलं, पाट सरकवला. मी म्हटलं, केबलचं मी हो म्हणतो आहे. ती म्हणाली, ते लहूला दिलं, महिना झाला. लहू कोपऱ्यात बसला होता. मंडळाच्या लाऊडस्पीकरवर बोलणारा. त्याने हात जोडले.

मॅच सुरू. निळा कोट, आखूड बाह्या. अंबादास बरा बोलत होता. आठ मिनिटांत एकही 'अप्रतिम' नाही, मी मोजलं.

आणि सेकंड हाफमध्ये आवाज गेला. चित्र चालू, आवाज नाही. सगळे ओरडले. कोणी टीव्हीच्या डोक्यावर थापटी मारली. चंदर चढाईला निघाला होता. पुतळाबाईने माझ्याकडे वळून म्हटलं, अरे, सांग की काय चाललंय ते.

मी उभा राहिलो. बोललो. समोरचं चित्र आणि माझं बोलणं, दोन्ही त्याच मॅचचं. चंदर मध्यरेषेवर, उजवीकडे झुकला, कोपरारक्षकाला हुलकावणी, पाय लांबवला. सांगताना माझ्याच अंगावर काटा आला. पुतळाबाईने पदर तोंडाशी धरला होता. दोघांनी कंबर धरली, तिसरा आला, चंदर सरपटत, सरपटत, बोट रेषेकडे...

आणि आवाज आला. अंबादासचा.

सगळं घर एका सुरात म्हणालं, आला, आला आवाज. पुतळाबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, आता गप रे, टीव्हीवाल्याचं ऐकू दे.

मी तसाच उभा होतो. फार वाईट वाटलं, ते लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय. बसायला जागा उरली नव्हती, पाटावर कोणाचं पोर बसलं होतं. हात कुठे ठेवावेत कळेना. कोटाला खिसे होते.