बडीशेपेची कुंडी

प्रिय मुली,

सूनबाई म्हणण्याचा हक्क तुमच्या घटस्फोटाबरोबर संपला, म्हणून हे संबोधन.

गच्चीवरच्या फळ्यांच्या उंच वाफ्याची या हंगामासाठी आखणी करत होतो. मागे मी पट्टी लावून सरळ ओळी आखल्या, तेव्हा तू हसली होतीस. "बाबा, ही काय कवायत आहे? शेजार बघून लावायचं." टोमॅटोजवळ झेंडू, गाजराशेजारी कांदा. मी नाक मुरडले, पण पीक पाहून पट्टी ठेवून दिली. यंदाही तुझीच मांडणी ठेवली आहे. तिच्यात चूक शोधली, सापडली नाही.

बडीशेप मात्र तू वेगळ्या कुंडीत लावलीस. "तिचं इथे कुणाशी पटत नाही, पण त्यात तिचा दोष नाही. तिला तिची जागा द्या." घरात कुणी तुला बोल लावला की मला हेच आठवते. कुंडीतली ती बडीशेप आता माझ्या खांद्यापर्यंत पोचली आहे.

हे पत्र मिळाले तर तुला वाटेल, सासरे परत बोलावत आहेत. म्हणून ते खणातच राहील. पाकिटातून फक्त त्या बडीशेपेचे बी पाठवतो.

अजूनही तुझा,
बाबा