दादाची सही, तुझे केस

प्रिय आई,

आज स्वतःचं मुखत्यारपत्र डॉक्टरांच्या साक्षीने करायला नोव्हेनाच्या एका क्लिनिकमध्ये गेले होते. डॉक्टरीणबाईंनी बरोबर आलेल्या माझ्या लेकीला, ईराला, बाहेर बसवलं आणि मला विचारलं, उद्या तुम्हाला काही सुचेनासं झालं तर तुमच्या वतीने निर्णय कुणी घ्यायचे? त्या माणसावर तुमचा भरवसा आहे ना? मी उठून बाहेर आले. ईराला म्हटलं, आज नको. "ओके लाह," म्हणाली ती इथल्या बोलीत, वैतागून. तू जाऊन वर्ष होत आलं, पण तुझ्याशी बोलल्याशिवाय मला त्या कागदावर सही करवत नाही.

तुझा कागद केला तेव्हा तू चांगली ठणठणीत होतीस. म्हणालीस, दोघा भावंडांची नावं घाला. आणि मी शहाणीने काय केलं? दादा मोठा, मुलगा. त्याच्या बरोबरीने बहिणीचं नाव कशाला, वहिनीला उगाच खुपेल, असं म्हणून माझं नाव मीच काढायला लावलं. मोठेपणा कसला गं? पाया लेबारच्या ऑफिसातून दर वेळी रजा काढायची कटकट नको होती मला. मानपान हे नुसतं निमित्त!

मग तुझं विसरणं वाढत गेलं, डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आणि दादाचा एकट्याचा कारभार सुरू झाला. त्याने तुला नर्सिंग होममध्ये ठेवलं, त्याबद्दल मी तोंड उघडत नाही. यिशुनच्या माझ्या फ्लॅटवर मीही तुला आणलं नाहीच. पण केस? दर रविवारी तेल लावून मी ज्यांचा अंबाडा घालायचे, ते कमरेपर्यंतचे केस? एका रविवारी येऊन बघते तर मशीनने पार बारीक केलेले. किळस आली मला, असं करणाऱ्याची. नर्स बिचारी म्हणाली, तुमच्या भावाने सही दिली आहे, डोकं धुवायला सोपं पडतं.

दादाला फोन केला, तर म्हणतो, "तिला काय कळतंय आता, मंजू?"

फोन ठेवला, तर तू मानेवरून हात फिरवत होतीस. माझं मनगट धरून हळूच विचारलंस, "हे गेले का गं? मला कुणी सांगितलंच नाही."

तुझ्या माहेरी एक आत्या होती ना, नवरा गेल्यावर केस काढलेली? लहानपणी तिच्याजवळ जायला घाबरायचीस, तूच सांगायचीस. बाबांना जाऊन बारा वर्षं झाली होती आई, आणि तुझ्यासाठी ते त्या दिवशी गेले. मी मूर्खासारखं खरं सांगून बसले. खूप रडलीस. पुढच्या रविवारी डोक्याला हात लागला, पुन्हा तेच विचारलंस, पुन्हा तितकीच रडलीस.

मग मी एक रविवार आड यायला लागले.

दादा अजून चारचौघांत सांगतो, आईला शेवटी त्रास झाला नाही, तिला काही कळतच नव्हतं. आणि मी शेजारी उभी राहून मान डोलावते. शी! त्याची किळस येते म्हणणारी मी कोण मोठी लागून गेले?

पुढच्या आठवड्यात तुझं वर्षश्राद्ध आहे. तुला शब्द देते, तू काय विचारलं होतंस ते दादाला जसंच्या तसं सांगणार. त्याला ते आजवर माहीतच नाही. तो विचारेल, तेव्हाच का नाही बोललीस? तेव्हा हेही सांगणार, की आई विचारत राहिली आणि मी जाणं कमी केलं.

तुझी,
मंजू