झडपेतून घेतलेली संमती

मिसिसिपी राज्य तुरुंग
४ मार्च

ती. ओडेलताईस,
पीवीचा शि. सा. न. वि. वि.

चर्चच्या फिश फ्रायच्या जेवणावळीचा फोटो मिळाला. कॅटफिशची ताटं आणि तुझी ती मोठी टोपी पाहून बरं वाटलं.

तुरुंगाविरुद्धच्या माझ्या दाव्यात एक हुकूम आलाय. मी वकील मागितला होता. उत्तर आलं की तुम्ही चांगलं लिहिता, तेव्हा वकिलाची गरज नाही. तूच मला लिहायला शिकवलंस, आता तूच निस्तर. स्वयंपाकघरात भांडी धुवायच्या कॉस्टिक सोड्याचं पाणी डोळ्यात उडालं, नर्सने ॲलर्जी म्हणून परत पाठवलं, सार्जंटने दवाखान्यात नेलं नाही आणि डावा डोळा गेला, हे मी चांगलं लिहिलं, एवढाच माझा गुन्हा.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. हुकुमाखाली सही डिस्ट्रिक्ट जजची नाही, मॅजिस्ट्रेट जजची. इथल्या ग्रंथालयात कायद्याची पुस्तकं सांभाळणारे म्हातारे कैदी डोझिअर म्हणाले, बाबा, दावा त्यांच्याकडे द्यायची संमती तूच दिलीयस. मला तर काही आठवत नाही.

तुझा धाकटा,
पीवी

१२ मार्च

चि. पीवीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

कोर्टाच्या कचेरीत जाऊन आले. संमतीचा कागद तिथे आहे आणि सही तुझीच आहे. शेपटीवाला पी मी लांबूनही ओळखीन. तिथल्या बाईंनी समजावलं की मोठे जज जन्मभरासाठी नेमलेले असतात, मॅजिस्ट्रेट त्यांच्या हाताखालचे, ठरावीक वर्षांसाठी. दोन्ही बाजूंनी राजीखुशीने लिहून दिलं तरच निकालापर्यंत दावा त्यांच्याकडे राहतो. एकदा दिलेली संमती परत घ्यायला सबळ कारण लागतं.

आता खरं सांग. हुकूम विरुद्ध गेला म्हणून तुला मॅजिस्ट्रेट नकोसे झाले का? खेळात हरलास की लहानपणी तू चेंडू घेऊन घरी जायचास, हे मी विसरलेली नाही. तसं असेल तर मी शाळेची बस चालवून दमते, मला आणखी दमवू नकोस. तसं नसेल तर नीट लिही.

रागावली तरी तुझीच,
ओडेल

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चेंडूचं खरं आहे. हे तसं नाही.

मी आजारी कोठडीत होतो. तिथे सगळं दाराच्या झडपेतून येतं. जेवणाचं ताट आलं की सही, गोळी आली की सही, साबण आला की सही. बाहेरून पहारेकऱ्याचा क्लिपबोर्ड आत येतो, त्याचं बोट दाखवतं तिथे नाव लिहायचं. वाचत बसलं तर बोट म्हणतं, तुला अंगणात जायचंय की नाही. कोर्टाचं पाकीट आलं त्या दिवशी पोच म्हणून एक सही झाली, बोट खाली सरकलं, दुसरी झाली. डाव्या डोळ्यावर पट्टी होती, उजव्यातून पाणी गळत होतं. त्या दुसऱ्या, संमतीच्या कागदावर छापलंय म्हणे, की संमती न दिल्यास काही बिघडणार नाही. इथे सही न दिल्यास काय काय बिघडतं, ते छापणाऱ्याला कुणी सांगितलं नसेल.

हुकूम आल्यावरच मी बोललो, कारण हुकुमाखालचं नाव वाचल्यावरच मला कळलं. हेच जसंच्या तसं डिस्ट्रिक्ट जजना लिहून संमती मागे घेतो म्हणून अर्ज केलाय.

पीवी

९ एप्रिल

चि. पीवीस,
आशीर्वाद.

सरकारी वकिलाचं उत्तर वाचलं. लिहितो की कैदी केवळ निकालावर नाराज आहे आणि ज्याला इतकं सुंदर लिहिता येतं त्याला वाचता येत नव्हतं हे पटत नाही. म्हणजे चांगलं लिहितोस म्हणून वकील नाही, आणि चांगलं लिहितोस म्हणून तू खोटा. आमच्या पास्टरनी शांत राहायला सांगितलं. मी म्हटलं, पास्टर, तुम्ही झडपेतून हात घालून बाप्तिस्मा देता का?

तुझ्यावर मी शंका घेतली, ते मनातून काढून टाक.

लोभ आहेच. मक्याची भाकरी पाठवता येत नाही, म्हणून नुसता लोभच पाठवते.
ओडेल

२ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अर्ज फेटाळला. जजसाहेब लिहितात, सही आहे, जबरदस्तीचा पुरावा नाही, नाराजी हे कारण होत नाही. माझ्या डोळ्याचा दावा मॅजिस्ट्रेटसमोरच चालणार. चालू दे. त्यांच्याशी माझं भांडण नव्हतंच. मला कुणी विचारलं नाही, याच्याशी होतं.

मी पुन्हा आजारी कोठडीत आहे, तेव्हा हा हुकूमही झडपेतूनच आला, पोचेच्या क्लिपबोर्डसकट. बोट आलं. मी कागद उजव्या डोळ्याजवळ धरला आणि मोठ्याने वाचायला लागलो, वरच्या कोर्टाच्या नावापासून. बाहेरून विचारणा झाली की अंगणात जायचंय का. मी म्हटलं, आज नको. आणि वाचत राहिलो. शेवटपर्यंत वाचलं, मग सही केली.

माझं अंगण आठवडाभर बंद आहे. पण आज सकाळी शेजारच्या कोठडीत साबण आला, तर तो शेजारी साबणाची पावती मोठ्याने वाचत होता. त्याच्या पलीकडचाही. ताटं वाटायला दुपार झाली आणि बोट फार चिडलं.

सुनावणीला ये. मोठी टोपी घालून ये, म्हणजे एका डोळ्यानेही दिसशील.

तुझा,
पीवी