सुतारावर घेतलेला आळ

५ ऑक्टोबर
ती. ताईस सा. न. वि. वि.
वाचनालयातल्या मैत्रिणींनी नवं खूळ काढलंय. महिनाभर रोज एक चित्र, फक्त शाईने, खोडाखोड बंद. कशासाठी, तर गंमत म्हणून! मीही शिरले. पहिली पाच सोबत आहेत. तू तीस वर्षं नकाशे काढलेस, तेव्हा जरा दयेने बघ.
चौथं नव्या दाराचं. चौकट मधेच फुगलीय, तशीच काढली. सुताराला बोलावून चांगलं फैलावर घेतलं. तो ओळंबा लावून, मावशी, सुतासारखी सरळ आहे, असं मलाच शिकवत होता. चोराच्या उलट्या बोंबा!
रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.
धाकटी

९ ऑक्टोबर
चि. धाकटे, अनेक आशीर्वाद.
किटली लंगडी आहे. चपला बऱ्या. कागदाला शाई पाजतेस, ते थांबव.
आता कोडं. दार फुगलं, ते सुताराने. मग खिडकीच्या चित्रातले गज कुणी फुगवले? आणि बाबांचं पुस्तकांचं कपाट? ते मी स्वतः मोजलंय, सरळ आहे. हात थरथरला म्हणावं, तर तशी रेघ मी ओळखते. ही ठामपणे वाकडी काढलेली आहे. म्हणजे तुला तसंच दिसतंय.
आत्ता उठ. एक डोळा झाकून चौकट बघ, मग दुसरा. पत्र लिहीत बसू नकोस, फोन कर. सूनबाईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. उद्या बघू म्हणालीस, तर मी येऊन आठवडाभर राहीन. धमकीच समज.
लोभ आहेच, अक्कल तुझी तू वाढव.
ताई

१७ ऑक्टोबर
ती. ताईस सा. न. वि. वि.
फोनवर तू इतकी ओरडलीस की सूनबाईने पलीकडच्या खोलीतून होकार दिला.
डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याच्या पडद्यात मधोमध पाणी साठलंय. आणखी महिना काढला असता, तर मधली नजर गेली असती. डोळ्यात इंजेक्शन दिलं. भ्यायले होते, पण नंतर डोळ्यात काळे बुडबुडे तरंगताना दिसले आणि भीतीच विसरले. कुणी काढून ठेवलेत का असे बुडबुडे? मी काढले. चौदावं चित्र.
सुताराला कपाटासकट सगळी हकीकत सांगून माफी मागितली. तो म्हणाला, मावशी, आता कपाटावरही आळ घेऊ नका.
माया असू दे, आवाज थोडा कमी.
धाकटी

१ नोव्हेंबर
ती. ताईस सा. न. वि. वि.
एकतीस पूर्ण! कालचं चित्र डावा डोळा झाकून, नुसत्या उजव्याने काढलं. खोली सगळी आहे, मधे वाटाण्याएवढा करडा डाग. तो राहणार म्हणतात. वाढतोय की थांबलाय, ते मात्र आत्ताच सांगता येत नाही. डॉक्टरांनी चित्र फाइलसाठी मागितलं. दिलं नाही, तुला पाठवतेय. दर पंधरा दिवसांनी तीच खोली, त्याच खुर्चीवरून काढायची ठरवलीय. मोजपट्टी घेऊन बस आणि डाग मोज. वाढला, तर मला गोड बोलून फसवू नकोस.
तुझा लोभ कडकच बरा.
धाकटी